असिसीचे संत फ्रान्सिस

इटलीतील असिसी या डोंगराळ नगरात, सुमारे ११८१ साली, एका सधन कापड व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. तारुण्य चैनीत गेले. शूर योद्धा होण्याची हौस पेरुजियाच्या कैदेत आणि पुढे आलेल्या आजारपणात ओसरली. सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रुसावरील ख्रिस्ताने आपले घर सावरण्याची आज्ञा त्यांना दिली, असे सांगितले जाते. त्यासाठी त्यांनी वडिलांचे कापड विकले. संतप्त वडिलांनी बिशपकडे दाद मागितली, तेव्हा फ्रान्सिस यांनी पैशांबरोबर अंगावरची वस्त्रेही उतरवून परत केली.

१२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या अकिंचन बंधुसंघाला तोंडी मान्यता दिली. त्यांनी गुब्बियोचा हिंस्र लांडगा माणसाळवला, पाखरांना उपदेश केला, या आख्यायिका सर्वश्रुत आहेत. परंतु १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना ते निःशस्त्र इजिप्तला गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटून सुखरूप परतले, ही ऐतिहासिक घटना त्यांहून विलक्षण म्हणावी लागेल.

संघ वाढला, तसा मालमत्तेचा वाद उभा राहिला. १२२० साली त्यांनी नेतृत्व सोडले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी, दृष्टी जवळजवळ गेलेल्या अवस्थेत, त्यांचे निधन झाले. १२२८ साली त्यांना संतपद मिळाले आणि त्याच वर्षी, आयुष्यभर दारिद्र्याचे व्रत पाळणाऱ्या या साधूसाठी असिसीत भव्य बॅसिलिकेची पायाभरणी झाली. त्यांच्या संघाचे साधू १५१७ साली गोव्यात पोहोचले. जुने गोवे येथे त्यांच्या नावाचे चर्च आजही उभे आहे.