अकराव्या खेळाडूचे नाव

अमेरिकेत दरवर्षी एक वाद रंगतो. निवृत्त झालेल्या फुटबॉलपटूंपैकी कोणाला 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे कीर्तिदालनात, जागा द्यायची आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे? हा फुटबॉल आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा हा हाडे मोडणारा खेळ आहे. संघ मात्र अकरा जणांचाच. व्यावसायिक खेळाडूंचे कीर्तिदालन ओहायो राज्यातील कँटन गावी आहे, कॉलेजच्या खेळाडूंचे वेगळे आहे. दोन्हीकडे निवड समित्या बसतात, आकडे काढले जातात, वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात.

आमच्या वाचकांना या वादाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना. त्या देशातील काळ्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या घरचा आहे. आणि आज ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते पॉल रोबसन स्वतः एका गुलामाचे पुत्र होते. जगाला ते गायक म्हणून ठाऊक आहेत, नट म्हणून ठाऊक आहेत. आम्हाला आज त्यांच्यातला फुटबॉलपटू हवा आहे.

त्यांचे वडील विल्यम ड्रू रोबसन नॉर्थ कॅरोलिनातल्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले. 1860 साली, पंधरा वर्षांचे असताना, ते पळाले आणि उत्तरेत पोहोचले. शिकले, धर्मोपदेशक झाले. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे 9 एप्रिल 1898 रोजी पॉलचा जन्म झाला. पॉल तीन वर्षांचा असताना वडिलांना चर्चमधून काढले गेले. चर्चमध्ये उपदेश करणारा माणूस घरोघरची राख गाडीत भरून वाहू लागला. सहावे वर्ष पुरे होण्याआधीच स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या जाळाने आई गेली. या घरात पोराला एकच गोष्ट मिळाली, अभ्यासाचा धाक. पंचाण्णव गुण आणले तर उरलेले पाच कुठे गेले, असे विचारणारा बाप होता तो. आपल्या वस्त्यांतही असे बाप होऊन गेले.

1915 साली स्पर्धा परीक्षेत शिष्यवृत्ती जिंकून पॉल रटगर्स महाविद्यालयात दाखल झाला. त्या संस्थेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातला तो तिसरा काळा विद्यार्थी, आणि त्या वेळी तिथे असलेला एकटाच. सहा फुटांहून उंच, दणकट देहाचा हा मुलगा फुटबॉलच्या चाचणीला मैदानात उतरला. पहिल्याच दिवशी आपल्याच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्याचे नाक फोडले, खांदा निखळवला. तो अंथरुणाला खिळला. सोडून द्यावे असे मनात आले होते, पण वडिलांना काय वाटेल या विचाराने पुन्हा उभा राहिला. परत मैदानात आला तेव्हा एकाने खिळ्यांचा बूट त्याच्या पंजावर रोवला. नखे उखडली. तेव्हा मात्र पॉलचा तोल गेला. पुढच्या खेपेला चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. तो त्याला जमिनीवर आपटणार, तेवढ्यात प्रशिक्षक फॉस्टर सॅनफोर्ड ओरडले की पॉलची संघात निवड झाली.

हा प्रसंग अमेरिकेत कौतुकाने सांगतात. आम्हाला त्यात कौतुकाचे फारसे काही दिसत नाही. गुणवत्ता दाखवण्याआधी नाक फोडून घ्यावे लागते, ही परीक्षा बाकीच्या दहा जणांना नव्हती.

हेच सॅनफोर्ड 1916 साली कच खाल्ले. महाविद्यालयाच्या दीडशेव्या वर्षाचा सोहळा होता आणि दक्षिणेतील वॉशिंग्टन अँड ली संस्थेचा संघ सामन्यासाठी आला होता. समोर काळा माणूस असेल तर आम्ही खेळणार नाही, अशी अट त्यांनी घातली. पॉलला बाहेर बसवण्यात आले. सामना 13-13 असा बरोबरीत सुटला. सोहळा ज्ञानदानाचा होता, हे विशेष. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाने अशीच मागणी केली तेव्हा सॅनफोर्ड यांनी ती फेटाळली. पॉल खेळला. तोही सामना बरोबरीतच सुटला, पण प्रशिक्षक एका वर्षात एवढे शिकला.

पॉल 'एंड' या जागेवर, म्हणजे रांगेच्या टोकाला, खेळत असे. चढाईत चेंडू झेलायचा आणि बचावात बाजूने येणारी लाट अडवायची, अशी दुहेरी जबाबदारी त्या काळी या खेळाडूवर असे. कॉलेज फुटबॉलचे त्या वेळचे सर्वांत मोठे जाणकार म्हणजे वॉल्टर कॅम्प. ते दरवर्षी देशातले सर्वोत्तम अकरा खेळाडू निवडून 'ऑल-अमेरिकन' संघ जाहीर करीत, आणि त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. 1918 च्या त्यांच्या संघात पॉल रोबसन हे नाव होते. 1917 सालीही इतर जाणकारांनी त्यांना असाच मान दिला होता. फुटबॉलखेरीज बेसबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी खेळांतही ते महाविद्यालयाकडून खेळले. 1919 साली पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांनाच मिळाला. वडील मात्र आदल्याच वर्षी वारले होते.

पुढे ते कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकायला गेले. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या विद्यापीठात होते, तेच हे. दोघांची तिथे गाठ पडली नाही, रोबसन चार वर्षे उशिरा आले. कायद्याच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते व्यावसायिक फुटबॉल खेळले. 1921 साली अ‍ॅक्रन प्रोज आणि 1922 साली मिलवॉकी बॅजर्स. दोन्हीकडे त्यांच्या जोडीला फ्रिट्झ पोलार्ड होते, व्यावसायिक लीगमधले पहिले काळे प्रशिक्षक. मिलवॉकीकडून ओरँग इंडियन्स या आदिवासी खेळाडूंच्या संघाविरुद्ध रोबसन यांनी दोन्ही टचडाऊन केले आणि सामना 13-0 असा जिंकला. 1923 साली वकिलीची पदवी घेऊन ते एका कचेरीत रुजू झाले. तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने त्यांच्या तोंडून मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. त्यांनी कचेरी सोडली, वकिलीही सोडली. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत असत, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

रंगभूमी आणि गाणे यांचा तपशील आम्ही इथे देत नाही, तो सर्वत्र आहे. ब्रॉडवेवर 1943 पासून त्यांनी ऑथेल्लो रंगवला, त्याचे 296 प्रयोग झाले, एवढे पुरे. आमच्या विषयाला लागून असलेली गोष्ट वेगळी आहे आणि ती कमी सांगितली जाते. त्याच 1943 च्या डिसेंबरात रोबसन बेसबॉल संघांच्या मालकांसमोर गेले आणि काळ्या खेळाडूंवरची बंदी उठवा, असे त्यांनी तोंडावर सांगितले. 1947 साली जॅकी रॉबिन्सन त्या बंद दारातून आत गेले. आणि 1949 साली काय घडले? रोबसन यांनी पॅरिसच्या शांतता परिषदेत केलेल्या भाषणावरून अमेरिकेत वादळ उठले. प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीने त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला बोलावले ते जॅकी रॉबिन्सन यांनाच. प्रस्थापितांची ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या माणसाविरुद्ध आपलाच माणूस उभा करायचा. रॉबिन्सन यांनी साक्ष दिली. 1972 साली आत्मचरित्रात मात्र त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की आता असे बोलावणे आले तर आपण नाकारू आणि रोबसन यांच्याविषयीचा आपला आदर वाढला आहे.

1949 सालीच न्यूयॉर्कजवळ पीकस्किल येथे त्यांच्या कार्यक्रमाला आलेल्या श्रोत्यांवर दगडफेक झाली. 1950 साली पासपोर्ट रद्द झाला. सभागृहे मिळेनात, ध्वनिमुद्रिका दुकानांतून गेल्या. 1952 साली कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना बोलावून मानद पदवी दिली, तेव्हा त्याच विद्यापीठाचा हा पदवीधर देशाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हता. त्याच काळात निघालेल्या कॉलेज फुटबॉलच्या एका नोंदग्रंथात 1918 च्या ऑल-अमेरिकन संघाची यादी छापली गेली. त्या यादीत नावे दहाच होती. अकरावे गाळले होते. खेळाची थोडीशीही जाण असलेल्या मुलाने विचारले असते, की दहा जणांचा संघ खेळला कसा?

कॉलेज फुटबॉलचे कीर्तिदालन सुरू झाले ते याच सुमारास, 1951 साली. रोबसन त्यात नव्हते. हा केवळ वर्णद्वेष होता, असे म्हणून भागणार नाही. पहिल्याच वर्षी ड्यूक स्लेटर आत गेले, 1954 साली फ्रिट्झ पोलार्ड गेले. दोघेही काळे, आणि दोघेही त्या मानाला सर्वस्वी पात्र. त्यांना आम्ही दोष देत नाही. व्यावसायिकांच्या कीर्तिदालनाने पोलार्ड यांना 2005 पर्यंत आणि स्लेटर यांना 2020 पर्यंत ताटकळत ठेवले, दोघेही तोवर हयात नव्हते. पण कॉलेजच्या दालनात काळ्या माणसाला जागा होती. बोलणाऱ्या काळ्या माणसाला नव्हती.

यासाठी लागणारे हत्यार नियमातच आहे. कँटनच्या दालनात मैदानावरची कामगिरीच पाहिली जाते. कॉलेजच्या दालनाचा नियम असा, की खेळ तर पाहायचाच, पण त्या माणसाचे पुढचे नागरिक म्हणून असलेले वर्तनही तोलायचे. कागदावर हा नियम किती सोज्वळ दिसतो! पण नागरिक चांगला की वाईट, हे ठरवणार कोण? ज्याचा पासपोर्ट सरकारने काढून घेतला तो वाईट नागरिक. का काढून घेतला? तो लिंचिंगविरुद्ध बोलतो म्हणून, वसाहतींच्या स्वातंत्र्याची बाजू घेतो म्हणून, सोव्हिएत रशियाची स्तुती करतो म्हणून. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पासपोर्ट परत मिळाला. त्याच वर्षी त्यांची साठी भारतातही साजरी झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला त्या समितीचे प्रमुख होते, आणि अमेरिकी वकिलातीला ते अजिबात रुचले नव्हते. कीर्तिदालनाचे दार मात्र बंदच राहिले. 23 जानेवारी 1976 रोजी फिलाडेल्फियात रोबसन गेले. 1995 साली, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, त्यांचे नाव आत घेतले गेले. तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता. 1918 साली झालेल्या खेळात या मधल्या काळात एका यार्डाचीही भर पडलेली नव्हती.

रोबसन चुकले नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. स्टालिनच्या राजवटीत काय चालले आहे ते त्यांना पुढे पुढे तरी समजले असावे. जाहीरपणे ते कधी बोलले नाहीत. बाबासाहेबांनी 1956 साली काठमांडूत बुद्ध की मार्क्स हा प्रश्न मांडून हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग स्पष्ट शब्दांत नाकारला होता. आम्ही त्या बाजूचे आहोत. पण हा हिशेब राजकारणाच्या वहीत मांडावा, खेळाच्या नव्हे. तसेच, रोबसन यांना कँटनच्या दालनात घ्या, अशीही आमची मागणी नाही. दोनच हंगामांची व्यावसायिक कारकीर्द, तीही शिक्षणाच्या खर्चापुरती. तिथे ते बसत नाहीत, आणि आपला माणूस म्हणून माप वाकवायला आम्ही सांगणार नाही.

आता हेच माप आपल्या घरात लावून पाहू. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात त्यांनी खेळपट्टीची देखभाल केली, गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकले आणि त्यातून देशातला पहिला थोर फिरकी गोलंदाज घडला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाला ते सामने जिंकून देत, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद कधीच मिळाले नाही. तरुणपणी बाबासाहेबांनाही त्यांचा अभिमान होता. पुढे 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले ते याच बाळूंना. बाळू हरले.

या एका गोष्टीसाठी बाळूंचे नाव आपल्या सभासंमेलनांत घेऊ नये, असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला भेटले आहेत. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण उद्या चळवळीने आपल्या खेळाडूंचे कीर्तिदालन उभारले आणि आमच्या हाती मतपत्रिका आली, तर पहिले नाव आम्ही पालवणकर बाळूंचे लिहू. 1937 साली मुंबईच्या मतदारांनी बाबासाहेबांना निवडून दिले ते योग्यच केले, हे पक्के ध्यानात ठेवून लिहू.