बिनकिल्लीचा कारागीर : आल्फ्रेड हॉब्ज

किल्ली हरवली की आपण दगड घेऊन कुलूप फोडायला निघतो. पण कुलपाला ओरखडाही न पाडता ते उघडणारा एक माणूस होऊन गेला. तो चोर नव्हता बरं का!

आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांचा जन्म १८१२ साली अमेरिकेत बोस्टन शहरी झाला. वडील सुतार होते. आल्फ्रेड तीन वर्षांचा असतानाच ते वारले, त्यामुळे मुलाला लहानपणीच कामाला लागावं लागलं. पुढे तो काचेच्या कारखान्यात गेला. तिथे दाराच्या काचेच्या मुठी करत. मूठ म्हटली की शेजारी कुलूप आलंच! तिथून त्याला कुलपांचा नाद लागला. मोठेपणी न्यूयॉर्कच्या एका कंपनीची कुलपं विकताना हॉब्ज बँकेत जात, तिथलं जुनं कुलूप उघडून दाखवत आणि मग आपलं पुढे करत.

१८५१ साली लंडनला जगाचं मोठं प्रदर्शन भरलं. हॉब्ज तिथे गेले. इंग्रजांना आपल्या चब आणि ब्रामा या कुलपांचा भारी अभिमान होता.

आपल्या बाजारात '७ लिव्हर' लिहिलेली कुलपं मिळतात ना, चबचं त्याच जातीचं. आतली प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलावी लागते. जास्त उचलली की एक खटका अडकायचा. मग खरी किल्लीही सरळ चालायची नाही आणि मालकाला कळायचं, कुणीतरी हात लावलाय. हॉब्जनी त्या खटक्यालाच गुरू केलं. खटका पडला, म्हणजे ही पट्टी फार वर गेली! पहारेकरीच वाट दाखवू लागला म्हणा ना. एका भक्कम लोखंडी दाराचं कुलूप त्यांनी साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं आणि परत लावूनही दाखवलं.

ब्रामाचं कुलूप मात्र महाकठीण. त्यात १८ सरकत्या पट्ट्या. हे उघडील त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी १७९० पासून दुकानाच्या खिडकीत होती. ब्रामा १८१४ साली वारले, तरी बक्षीस तसंच पडून होतं. हॉब्जना एक खोली आणि ३० दिवस मिळाले. कुलपावर दाब कायम ठेवायचा, एकेक पट्टी हलकेच ढकलायची, कुठे अडते ते बोटांनी ओळखायचं, माप घ्यायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. १६ दिवसांत मिळून ५१ तास ते बसले आणि कुलूप उघडलं! कंपनीनं कुरकुर केली, पण पंचांच्या निकालाप्रमाणे पैसे दिले.

लंडनमध्ये एकच गडबड उडाली. चोरांना आयती विद्या मिळाली, असं लोक म्हणू लागले. हॉब्जचं म्हणणं उलट होतं. चोरांना हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते भाबड्या मालकाला. मला हे पटतं. शिवाय ते नियम स्वतःलाही लावून घ्यावे लागले. त्यांच्या कंपनीचं नावाजलेलं कुलूप पुढे लायनस येल या दुसऱ्या अमेरिकनानं उघडलं!

लंडनला कुलपांचा कारखाना काढून हॉब्ज १८६० साली मायदेशी परतले. तिथे त्यांनी पुष्कळ वर्षं काडतुसांच्या कारखान्यात काम पाहिलं. १८९१ साली ब्रिजपोर्ट इथे ते वारले. ब्रामाचं ते कुलूप लंडनच्या सायन्स म्युझियमनं जपून ठेवलं आहे.