जेम्स पॅरिस ली : चरित्र आणि त्याच्या बंदुकीची पारख

ज्ञातीच्या स्मरणिकेत एका स्कॉटिश घड्याळजीच्या चरित्राचे काय प्रयोजन, असे काही वाचकांस वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या कुटुंबांत वाडवडिलांच्या काळापासून शिकारीची किंवा पीकसंरक्षणाची .३१५ बोअरची रायफल परवान्यानिशी चालत आलेली आहे, त्यांच्या घरी हा गृहस्थ नकळत वावरत असतो. त्या रायफलीचा मूळ सांगाडा त्याच्याच बुद्धीतून निघाला. शिवाय अलीकडे जुन्या लष्करी बंदुकांना परदेशी संग्राहकांत मोठा मोल आल्यामुळे अस्सल काय आणि बनावट काय, हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा राहिलेला नाही.

जेम्स पॅरिस ली याचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधील हॉइक या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब कॅनडातील गॉल्ट येथे जाऊन स्थायिक झाले. वडील घड्याळे व जडजवाहीर यांचा व्यवसाय करीत. वयाच्या बाराव्या वर्षी या मुलाने एका जुन्या पिस्तुलाची नळी मिळवून, अक्रोडाच्या लाकडाचा ओबडधोबड दस्ता कोरून स्वतःची पहिली बंदूक तयार केली. ती नीटशी चालली नाही. पुढे वडिलांच्या हाताखाली त्याने घड्याळदुरुस्तीचे रीतसर शिक्षण घेतले आणि १८५० च्या सुमारास चॅटम येथे स्वतःचे दुकान थाटले. कमानीचा ताण किती असावा, दोन धातूंचे भाग एकमेकांवरून किती अंतर सरकावेत, हे त्याच्या बोटांना तेथेच उमगले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच्या पुढील सर्व कामावर घड्याळजीच्या हाताची छाप आहे.

त्यानंतर तो अमेरिकेत विस्कॉन्सिन संस्थानात गेला. तेथे यादवी युद्धाच्या काळात मागून काडतूस भरण्याच्या बंदुकीची रचना त्याने सिद्ध केली आणि मिलवॉकी येथे कंपनी स्थापून सरकारकडून १,००० कार्बाइनांचा मक्ता मिळविला. परंतु नळीच्या व्यासाविषयी वाद निर्माण होऊन सरकारी तपासनिसांनी माल नाकारला. तेवढ्यात युद्धही संपले. त्या अपयशामुळेच त्या कार्बाइना अत्यल्प संख्येने तयार झाल्या आणि आज त्या दुर्मिळ गणल्या जातात. संग्राहकांच्या बाजारात यशस्वी वस्तू विपुल म्हणून स्वस्त आणि फसलेली वस्तू विरळ म्हणून महाग, असा उलटा न्याय पुष्कळदा आढळतो.

लीच्या कीर्तीचा खरा आधार म्हणजे ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यास मिळालेले पेटंट. तत्पूर्वी अनेक काडतुसे साठविण्यासाठी नळीखाली लांब नलिका बसवीत. तीत काडतुसे एकामागे एक राहत, एकेक उडे तसतसा बंदुकीचा तोल बदले आणि टोकदार गोळी पुढील काडतुसाच्या बुडावर आदळण्याचे भय राही. लीने काडतुसे एकावर एक ठेवणारी छोटी चौकोनी पेटी बोल्टच्या खाली बसविली. पेटीतील कमान एकेक काडतूस वर ढकली. आज जगातील बहुतेक लष्करी रायफलींच्या पोटाखाली जी पेटी दिसते, तिची ही पूर्वज होय. तिचे उत्पादन प्रथम शार्प्स कंपनीकडे होते. ती कंपनीच बंद पडल्यावर काम रेमिंग्टनकडे गेले.

अमेरिकन आरमाराने लीच्या बंदुका घेतल्या. १८९५ ची सहा मिलिमीटरची विंचेस्टर-ली रायफलही आरमारासाठीच होती. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात मेन ही युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. तिच्यातून काढलेल्या अशा ५४ रायफली न्यूयॉर्कचे व्यापारी बॅनरमन यांनी विकत घेतल्या आणि त्यांचे अनुक्रमांक आपल्या सूचिपत्रात छापले. खाऱ्या पाण्याने त्यांचे पोलाद खड्डे पडून विद्रूप झाले होते. तरीही त्या यादीतील क्रमांक असलेली एखादी गंजकी रायफल, त्याच जातीच्या चकचकीत रायफलीहून कितीतरी अधिक मोलाची ठरते. एखाद्याने हौसेने तो गंज घासून काढला, तर बंदूक सुंदर होईल आणि तिचा इतिहास मात्र घासकामाच्या भुकटीबरोबर केरात जाईल.

इंग्लंडमध्ये दीर्घ चाचण्यांनंतर १८८८ साली लीची बोल्ट व पेटी आणि विल्यम मेटफर्ड याने योजलेले नळीतील उथळ आटे यांच्या संयोगातून ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली गेली. काळ्या दारूसाठी ते आटे उत्तम होते. परंतु कॉर्डाइट या नव्या दारूची धग त्यांस सोसवेना. म्हणून १८९५ साली एनफील्ड कारखान्याचे खोल आटे घालून ली-एनफील्ड अवतरली. ज्यांची नळी झिजली, त्यांतल्या अनेक जुन्या बंदुकांस नवी नळी मिळाली. म्हणून मूळ मेटफर्ड नळी चांगल्या स्थितीत असलेली बंदूक हाती आल्यास जाणकार प्रथम नळीत डोकावतो, दस्ता नंतर पाहतो. पाठोपाठ आखूड ली-एनफील्ड निघाली आणि तिचे उत्पादन सुरू होत असतानाच, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी, कनेक्टिकटमधील शॉर्ट बीच येथे लीचे निधन झाले.

ज्या रायफलीच्या सर्व प्रकारांची संख्या पुढे दीड कोटीच्या वर गेली असे मानतात, तिच्यावर तिच्या कर्त्याचे नाव पुरते कोरलेले क्वचितच आढळते. दस्त्याच्या मानेवरील पोलादी कड्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि संक्षिप्त नाव असते. त्या संक्षेपात ली एका अक्षरापुरता उरतो. १९२६ साली इंग्लंडने नामकरणाची पद्धत बदलून नंबर १, नंबर ४ असे क्रमांक दिले, तेव्हा अधिकृत नावातून ते अक्षरही गेले.

परंतु पारख करावयाची ती याच कड्यापासून. खैबरच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदम खेल येथे, कानशीने घासून हाताने बनविलेल्या नकला पुष्कळ आहेत. तेथील कारागीर कुशल, परंतु इंग्रजी अक्षरांशी अपरिचित. त्यामुळे अक्षरे उलटी पडतात, शब्द चुकतात. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली. तिच्या आद्याक्षरांखाली १९०७ किंवा १९१५ साल कोरलेले दिसले, की निराळ्या पुराव्याची गरज नाही. जुन्या लांब रायफली आखूड करून घेतल्या गेल्या, त्यांवर राणीचे चिन्ह प्रामाणिकपणे असू शकते, पण तेथे सालही जुनेच असते.

दुसरी कसोटी अनुक्रमांकांची. पोलादी घर, बोल्टची मूठ, मागील नेमपट्टी, नळीच्या तोंडाची टोपी आणि पुढील लाकूड यांवर एकच क्रमांक जुळला, तर ती बंदूक कारखान्यातून निघाली तशीच उरली, असे मानण्यास आधार मिळतो. क्रमांक न जुळल्यास लगेच लबाडीचा निष्कर्ष काढू नये. सैन्याच्या कार्यशाळांनी भाग बदलून, जुना क्रमांक खोडून नवा ठोकलेल्या रायफली शेकडोंनी मिळतात. भारतातील इशापूरच्या कारखान्याने पुढील लाकडातून आरपार घातलेला आधाराचा स्क्रूही असाच सेवेचा भाग आहे. लष्कराने केलेली दुरुस्ती हा बंदुकीचा इतिहास आणि व्यापाऱ्याने विक्रीसाठी केलेली सजावट ही फसवणूक, हा भेद ज्याला कळला त्याला निम्मी पारख आली.

सर्वाधिक फसवणूक नंबर ४ च्या दुर्बिणीच्या रायफलीत होते. निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांनी दुर्बीण बसवून सिद्ध केल्या. साध्या रायफलीहून त्यांची किंमत अनेक पटींनी अधिक, म्हणून बनावटही अधिक. अस्सल नगात दुर्बिणीच्या पकडीवर रायफलीचा क्रमांक आणि दस्त्याच्या मानेच्या लाकडावर दुर्बिणीचा क्रमांक असतो. दोन साक्षीदार एकमेकांची ओळख पटवितात. काचकागदाने लाकूड घासून नवे केले, की त्यातील एक साक्षीदार नाहीसा होतो. जंगल कार्बाइन म्हणून ओळखली जाणारी नंबर ५ फक्त इंग्लंडमधील फॅझाकर्ली आणि बी. एस. ए. येथे झाली, इशापूरच्या रायफली कापून परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नावाने खपविलेला माल ती नव्हे.

आपल्या देशात लष्करी काडतुसाची बंदूक सामान्य नागरिकास मिळू नये, या इंग्रजी राजवटीतील धोरणामुळे .३०३ ऐवजी .३१५ बोअरच्या रायफली लीच्याच रचनेवर तयार झाल्या. पुढे आपल्या आयुध निर्माणींनीही त्या केल्या. स्वतः .३०३ मात्र पोलिसांच्या हाती दीर्घकाळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक शस्त्रांसमोर जवानांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली.

घरी अशी रायफल असल्यास ती तेलाच्या फडक्याने पुसावी. पॉलिश, वॉर्निश, काचकागद यांस हात लावू देऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. तेव्हा अतिउत्साही सुताराने वा लोहाराने घासून टाकलेले चिन्ह किंमत तर घालवीलच, शिवाय धन्यास न्यायालयातही नेईल. परवानाधारक वडील निवर्तल्यास बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सामान्यतः दोनच शस्त्रे बाळगता येतात, हेही वाटणीपूर्वी भावंडांनी ध्यानी घ्यावे. जुना परवाना, खरेदीची पावती आणि आजोबांच्या हातची एखादी नोंद असल्यास ती बंदुकीसोबतच जपून ठेवावी.