विश्व आणि जीवन यांना जोडणारे फ्रेड हॉयल

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात १९१५ साली एका लोकर व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या फ्रेड हॉयल यांनी ताऱ्यांचे नाते थेट मानवी देहाशी जोडले. सजीवांना आधारभूत असणारा कार्बन ताऱ्यांच्या गर्भात घडायचा, तर त्याच्या अणुकेंद्रात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे त्यांचे भाकीत १९५३ मध्ये प्रयोगाने खरे ठरले.

फेब्रुवारी १९६३ मध्ये विल्यम फाउलर यांच्यासह त्यांनी प्रबळ रेडिओस्रोतांची ऊर्जा प्रचंड वस्तुमानाच्या गुरुत्वीय आकुंचनातून येत असावी, असे सुचविले. पुढच्याच महिन्यात मार्टेन श्मिट यांनी पहिल्या क्वासारचे अफाट अंतर जाहीर केले आणि या कल्पनेला महत्त्व आले. मात्र क्वासार प्राचीन विश्वात अधिक होते, हे दिसू लागताच हॉयल यांचा स्थिर स्थिती सिद्धान्त डळमळला. तरीही केंब्रिजमधील आपले शिष्य जयंत नारळीकर यांच्यासह ते प्रस्थापित मताशी झुंजत राहिले.

जीवसृष्टी अंतराळातून आली, हे त्यांचे मत विज्ञानजगताने स्वीकारले नाही. १९८३ चे नोबेल फाउलर यांना मिळाले. हॉयल वंचित राहिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पृथ्वीवरील प्रत्येक सजीवातील कार्बनचा उगम सांगणारे त्यांचे संशोधन मात्र अबाधित आहे.