खिशातले ब्राउनिंग : अनंत कान्हेरे

नाशिकला रणजीची मॅच असली की टीव्हीच्या पट्टीवर मैदानाचे नाव येते, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. स्कोअर आपण वाचतो आणि नाव सोडून देतो. ज्याच्या नावाचे हे मैदान, तो गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता. आपल्या होस्टेलच्या तळमजल्यावर एफ.ई.ची जी पोरे राहतात आणि ज्यांना मेसची भाजी आवडत नाही म्हणून दर शनिवारी घरी पळायचे असते, त्यांच्याएवढा. इतक्या लहान आयुष्याचे चरित्र ते काय लिहायचे, असे वाटेल. पण त्याच्या आयुष्यात एक यंत्र आले आणि त्या यंत्राची गोष्ट आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी वाचण्यासारखी आहे.

अनंत लक्ष्मण कान्हेरे मूळचा कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या आयनी गावचा. जन्म 1891 च्या शेवटी किंवा 1892 च्या सुरुवातीला. घरची परिस्थिती बेताची. इंग्रजी शिक्षणासाठी त्याला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मामाकडे ठेवले. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते. शिकायला नातेवाइकांकडे राहणे ही तेव्हाची होस्टेलच म्हणा ना. पुढे तो गंगाराम नावाच्या मारवाडी मित्राच्या घरी राहायला गेला. दोघांची दोस्ती घट्ट. अनंतने 'मित्रप्रेम' नावाची एक छोटी कादंबरीही लिहिली होती. म्हणजे पोरगा लिहिणारा होता, हळवा होता. पुढे जे घडले ते वाचताना ही कादंबरी मला सारखी आठवत राहते.

औरंगाबादच्या या मुलांचा नाशिकच्या गुप्त मंडळाशी संबंध आला. नाशिकला कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे ही मंडळी होती. कर्वे बी.ए. होऊन वकिलीचा अभ्यास करत होते, देशपांडे शाळेत शिक्षक. त्याआधीच सावरकर बंधूंनी नाशकात अभिनव भारतचे काम उभे केले होते. धाकटे विनायकराव 1906 सालीच बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेले, थोरले बाबाराव नाशकात.

पोरांकडे जिद्द होती. हत्यार नव्हते. लॉर्ड लिटनच्या काळात, 1878 साली, शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी पुढच्याच वर्षी बंड केले, तेव्हापासून शस्त्र मिळवायचे कुठून हा प्रश्न प्रत्येक बंडवाल्यापुढे उभा होता. आणि शहरात काम करायचे तर नुसते शस्त्र मिळून भागत नाही. ते अंगावर वागवता आले पाहिजे, कुणाला दिसता कामा नये, आणि वेळेला दगा देता कामा नये. लहान, लपणारे आणि भरवशाचे. या तीन गोष्टी एकत्र आणणे हा निव्वळ डिझाइनचा प्रश्न आहे, आणि तो तोपर्यंत सात समुद्रांपलीकडे एका माणसाने सोडवला होता.

त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म 1855, अमेरिकेतल्या युटामधले ऑग्डेन हे गाव. बाप बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. कॉलेजचे तोंड न बघता हा गडी बापाच्या वर्कशॉपमध्ये शिकला आणि मरेपर्यंत त्याच्या नावावर 128 पेटंट जमा झाली. (इथे आपण वर्कशॉपचा जॉब कुणाकडून तरी घासून घेतो!) 1897 साली बेल्जियममधल्या एफ.एन. या कारखान्याशी त्याचा करार झाला आणि तिथे त्याचे छोटे पिस्तूल तयार होऊ लागले. त्याच 1897 सालच्या जूनमध्ये पुण्यात गणेशखिंडीला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती.

आता त्यात विशेष काय होते ते बघू. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या एका फिरत्या दंडगोलात असतात. तो दंडगोल दोन्ही बाजूंनी फुगलेला, त्यामुळे कोटाच्या खिशात रिव्हॉल्व्हर ठेवले की खिसा बोलतो. ब्राउनिंगने गोळ्या उचलून मुठीत नेल्या. एकावर एक, चपट्या मॅगझिनमध्ये. झाले, हत्यार सपाट झाले. गोळी पुढे सुटताना मागे जो धक्का बसतो तो रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता हाताला बसून वाया जातो. याने तो कामाला लावला. त्या धक्क्याने वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो, रिकामी टोपी बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि पुढे येताना तो मॅगझिनमधली नवी गोळी नळीत सारतो. माणसाने फक्त ट्रिगर ओढायचा. न्यूटनचा तिसरा नियम आपण बारावीत चार मार्कांना लिहिला, याने त्यावर कारखाना चालवला.

आणखी एक खुबी आहे. मोठ्या ताकदीच्या गोळीला नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवावे लागतात, नाहीतर दाब उतरायच्या आत मागचे तोंड उघडेल. ब्राउनिंगने या पिस्तुलासाठी गोळीच छोटी केली, 7.65 मिलिमीटरची. दाब कमी, त्यामुळे स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर काम भागले. अडकवण्याची सगळी भानगडच गेली. भाग कमी, म्हणून बिघडण्याच्या जागा कमी. 1900 च्या मॉडेलमध्ये तर नळीच्या वर बसवलेली एकच स्प्रिंग स्लाइड पुढे आणते आणि गोळीवर आघात करणारी पिनही तीच ढकलते. मशीन डिझाइनच्या सरांनी हे उदाहरण वर्गात द्यायला हरकत नाही. त्या मॉडेलमध्ये सात गोळ्या, लांबी साधारण सोळा सेंटिमीटर, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. आपल्या जुन्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या डब्याएवढे म्हणा, फक्त जड. ब्राउनिंगची लहान पिस्तुले युरोपात इतकी खपली, की काही ठिकाणी पिस्तुलालाच लोक ब्राउनिंग म्हणू लागले, जसे आपण झेरॉक्स म्हणतो.

लंडनमध्ये बसलेल्या सावरकरांनी हेच हत्यार निवडले. 1909 च्या फेब्रुवारीच्या सुमारास पॅरिसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता, तो मुंबईला परत यायला निघाला होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ करून त्यात हा माल बसवला. नेमके कुठले मॉडेल होते या वादात न पडता नुसता हिशेब करा. 1900 च्या मॉडेलच्या वजनाची वीस पिस्तुले म्हणजे साडेबारा किलो, काडतुसे वेगळी. एवढे वजन पेटीच्या तळाला घेऊन तो माणूस मार्चच्या सुरुवातीला मुंबई बंदरात उतरला आणि बाहेर पडला. न्हावा शेव्याला राहणाऱ्या आपल्याला हे जरा जास्तच जाणवते. इथे अख्खा कंटेनर ट्रकसकट एक्स-रेखालून जातो. समोरच्याच किनाऱ्यावर, अटल सेतूच्या पलीकडच्या टोकाला, 1909 साली कस्टमवाल्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर सगळी भिस्त होती.

तोवर नाशकात बाबारावांना अटक झाली होती. जहाल कविता छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि 8 जून 1909 रोजी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा लागली. कवितांना जन्मठेप! हा खटला वरच्या कोर्टात पाठवला होता नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने. मुलांनी त्याच्यावर नेम धरला.

जॅक्सनबद्दल एक गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. हा माणूस संस्कृतचा जाणकार होता. त्याला पंडित जॅक्सन म्हणत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी त्याने प्राचीन इतिहासावर लिहिले, आणि गुजरात-कोकणातल्या लोकांच्या समजुती, देवदेवस्की, सणवार यांची माहिती तो जमवत होता. लोकांत मिसळणारा, गोड बोलणारा अधिकारी. मुलांच्या मते हा गोडवाच धोक्याचा होता. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. बाबारावांचा संसार ज्याच्या सहीने मोडला तो हाच माणूस, आणि कोकणातल्या आजीबाईंच्या गोष्टी जपून ठेवणाराही हाच.

बेत पुढच्या वर्षीचा होता असे म्हणतात, पण जॅक्सनची बढतीवर मुंबईला बदली झाली आणि वेळ उरला नाही. निरोपासाठी 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग ठेवला होता. अनंत औरंगाबादहून आलेला, खिशात पॅरिसच्या त्या वीसांतले एक ब्राउनिंग. कर्वे आणि देशपांडेही त्याच थिएटरात पिस्तुले घेऊन बसलेले. अनंतचे चुकले तर कर्वे, कर्वेंचे चुकले तर देशपांडे. आपल्या भाषेत दोन स्टँडबाय. काम झाले की अनंतने स्वतःला संपवायचे, म्हणजे बाकीच्यांची नावे बाहेर येणार नाहीत, असेही ठरलेले.

जॅक्सन आत येऊन खुर्चीकडे निघाला तेव्हा अनंत पुढे झाला. पहिली गोळी लागली नाही. रिव्हॉल्व्हर असो की पिस्तूल, पहिली गोळी हुकते ती यंत्रामुळे नाही, हातामुळे. आणि अठराव्या वर्षी, माणसांनी गच्च भरलेल्या थिएटरात, समोर जिवंत माणूस असताना हात किती स्थिर राहील? पण हत्यार अडकले नाही. पुढच्या गोळ्या लागल्या आणि जॅक्सन तिथेच गेला.

यंत्राने त्याचे काम केले, बेताचे पुढचे पान मात्र उलटलेच नाही. लोकांनी झडप घातली, अनंतला पकडले, स्वतःला संपवायची संधीच मिळाली नाही. मग एकेक दुवा उलगडत गेला. कर्वे सापडले, देशपांडे सापडले, लपवलेली पिस्तुलेही हाती लागली. लहान आणि लपणारे म्हणून जे हत्यार निवडले होते, त्याचा एकसारखेपणाच अंगावर आला. एका जातीची, परदेशी बनावटीची पिस्तुले नाशकात एकाच वेळी कशी आली हा प्रश्न कुठल्याही पोलिसाला पडलाच असता. पेटी आणणारा अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि धागा थेट लंडनला पोचला. सावरकरांना मार्च 1910 मध्ये लंडनला अटक झाली. डिसेंबरात पहिली जन्मठेप, आणि 30 जानेवारी 1911 रोजी दुसरी, ती जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याबद्दल. ती या पिस्तुलांमुळेच.

अनंतवरचा खटला मुंबईत हायकोर्टाच्या खास न्यायाधीशांपुढे चालला. 29 मार्च 1910 ला निकाल लागला. कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना फाशी, इतर काहींना जन्मठेप. गोळी झाडल्यापासून निकालापर्यंत शंभर दिवसही झाले नव्हते. आपले एक सेमिस्टर याहून लांब असते. अनंतने आपले कृत्य नाकारले नाही. 19 एप्रिल 1910 रोजी सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी दिले. देह नातेवाइकांना दिले नाहीत. तुरुंगवाल्यांनीच दहन केले आणि राख ठाण्याजवळच्या पाण्यात सोडली. ती खाडी पुढे आपल्याच बंदराच्या पाण्याला येऊन मिळते.

ब्राउनिंग त्यानंतर सोळा वर्षे जगला. नाशिकची बातमी त्याच्या कानावर गेली असेल असे मला वाटत नाही. 1911 च्या मार्चमध्ये अमेरिकन लष्कराने त्याच्या मोठ्या पिस्तुलाची चाचणी घेतली, तेव्हा सहा हजार गोळ्या एकही बिघाड न होता सुटल्या. 1914 साली साराजेव्होत ज्या पिस्तुलाने पहिल्या महायुद्धाला निमित्त मिळाले, तेही त्याच्याच डिझाइनचे, 1910 चे छोटे मॉडेल. ते चालवणारा गावरिलो प्रिन्सिपही एकोणीसच वर्षांचा होता. 26 नोव्हेंबर 1926 रोजी बेल्जियममधल्या त्या कारखान्यातच काम करता करता ब्राउनिंगचे हृदय थांबले. त्याने पिस्तुलासाठी केलेली ती छोटी गोळी अजून चालू आहे. आज भारतात परवानाधारकाला सरकारी कारखान्याचे जे .32 पिस्तूल मिळते, त्यात तीच बसते.

आणि जॅक्सनने जमवलेले कागद वाया गेले नाहीत. त्याच्या मागे आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने ते लावून दोन भागांत छापले. पहिला भाग गुजरातचा, 1914 साली. दुसरा कोकणचा, 1915 साली. त्यात कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या शाळामास्तरांनी कळवलेली माहिती आहे. भुते कुठल्या झाडावर राहतात, पाऊस लांबला तर काय करावे, गावदेवीला कौल कसा लावावा. अनंतच्या खेड तालुक्यातली म्हातारी माणसे सांगायची तसल्याच गोष्टी.