एडगर कॉड

एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, १९२३ – १८ एप्रिल, २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती व संगणकशास्त्रज्ञ होते. माहिती संगणकात कोठे आणि कशी साठवली आहे, हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा विचार त्यांनी १९७० साली गणिताच्या आधारे मांडला. त्यातून रिलेशनल डेटाबेस ही संकल्पना जन्माला आली. बँका, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या नोंदी आज मुख्यतः याच पद्धतीने ठेवल्या जातात. या कार्यासाठी त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पूर्वायुष्य

कॉड यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील चामड्याच्या व्यवसायात होते, तर आई शिक्षिका होती. ऑक्सफर्डच्या एक्सेटर महाविद्यालयात त्यांनी गणित व रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात संडरलँड जातीची, पाण्यावर उतरणारी विमाने चालवत.

१९४८ साली ते न्यू यॉर्कला गेले. तेथे काही काळ त्यांनी मेसीज या मोठ्या दुकानात विक्रेत्याचे काम केले, नंतर टेनेसी विद्यापीठात गणित शिकवले आणि १९४९ मध्ये आयबीएम कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून प्रवेश केला. १९५३ मध्ये, सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेने उद्विग्न होऊन त्यांनी अमेरिका सोडली व ते कॅनडात जाऊन राहिले. १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. एकाच संगणकावर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवण्याच्या तंत्रावर त्यांनी तेथे काम केले. पुढे चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. स्वतःची प्रतिकृती घडवू शकणाऱ्या यंत्राची जी गणिती रचना जॉन फॉन नॉयमन यांनी २९ अवस्थांत मांडली होती, ती कॉड यांनी ८ अवस्थांत बसवून दाखवली. विषय डेटाबेसचा नव्हता, पण पसारा आवरून मूळ गाभ्यापाशी जाण्याची त्यांची सवय येथेही दिसते.

१९७० पूर्वीची स्थिती

साठच्या दशकाच्या अखेरीस कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या काळी मोठ्या नोंदी झाडाच्या फांद्यांसारख्या किंवा जाळ्यासारख्या रचून ठेवत. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली पहिल्या प्रकारची होती. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या कामातून ती उभी राहिली होती.

या रचनेतील अडचण उदाहरणाने स्पष्ट होईल. पालघर जिल्ह्यातील चारोटी गावाच्या जमिनीची नोंद घ्या. गावाखाली गट क्रमांक आणि गटाखाली खातेदार अशी उतरंड रचली, तर अमुक गट कोणाच्या नावावर आहे हे चटकन सांगता येते. परंतु एखाद्या खातेदाराची चारोटीत आणि शेजारच्या कासा गावात मिळून किती जमीन आहे, असे विचारले की दोन्ही गावांचे सगळे गट उलथेपालथे करावे लागतात. तलाठी दप्तराने या अडचणीवर आपला तोडगा काढलेला आहे: जमिनीनुसार गाव नमुना सात आणि खातेदारानुसार गाव नमुना आठ-अ. एकच माहिती दोन बाजूंनी लिहायची आणि दोन्हींचा मेळ राखायचा. संगणकातही प्रोग्रॅमर हेच करत होते. साठवणीची रचना बदलली की त्यावर बेतलेले प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत.

रिलेशनल प्रतिमान

१९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये एसीएम या संस्थेच्या मासिकात कॉड यांनी आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. संचसिद्धान्त आणि तर्कशास्त्र हा त्याचा पाया आहे. सर्व माहिती तक्त्यांत ठेवावी. तक्त्यातील प्रत्येक ओळ हे एक विधान असते आणि ओळींचा क्रम अर्थहीन असतो. दोन तक्त्यांचे नाते पत्त्यांनी किंवा बाणांनी नव्हे, तर त्यांतील समान मूल्यांनीच जुळते. वापरणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे. वरील उदाहरणात जमिनीचा एक, खातेदारांचा एक आणि कोणाचा कोणत्या गटात किती हिस्सा हे सांगणारा तिसरा, असे तीन तक्ते पुरतात. सात आणि आठ-अ हे त्यांच्याकडे पाहण्याचे केवळ दोन कोन ठरतात.

यापुढचे पाऊल नॉर्मलायझेशनचे. प्रत्येक गोष्ट एकदाच आणि ती ज्याच्याविषयी आहे त्याच्याच तक्त्यात लिहावी, हा त्याचा आशय. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करता येत नाही. आता खातेदार आदिवासी असल्याची नोंद प्रत्येक गटापुढे वेगवेगळी लिहिली आणि एका ठिकाणी राहून गेली, तर त्याच माणसाची एक जमीन संरक्षित आणि दुसरी उघडी दिसेल. डहाणू-तलासरीसारख्या आदिवासीबहुल भागात अशी चूक कागदावरच राहत नाही. ही बाब खातेदाराविषयीची असल्याने ती खातेदाराच्या तक्त्यात एकदाच असली पाहिजे. कॉड यांनी नॉर्मलायझेशनच्या पहिल्या तीन पायऱ्या मांडल्या. पुढची पायरी त्यांच्या आणि रेमंड बॉइस यांच्या नावाने ओळखली जाते.

विरोध व स्वीकार

आयएमएसवर कंपनीचे उत्पन्न अवलंबून असल्याने आयबीएमने या सिद्धान्ताचे उत्साहाने स्वागत केले नाही. कॉड मात्र गप्प बसणारे नव्हते. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथे जाळेपद्धतीचे पुरस्कर्ते चार्ल्स बॅकमन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. पुढे आयबीएमने सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प चालवला व त्यातून एसक्यूएल ही भाषा निघाली. बर्कली विद्यापीठात इन्ग्रेस तयार झाली. पण बाजारात आयबीएमच्या आधी, १९७९ मध्ये, लॅरी एलिसन यांच्या छोट्या कंपनीची ओरॅकल प्रणाली आली. आयबीएमचे डीबी२ हे उत्पादन १९८३ चे. ज्या भाषेमुळे आपला सिद्धान्त जगभर पोहोचला, त्या एसक्यूएलवरही कॉड नाराज होते, कारण तक्त्यात एकसारख्या दोन ओळी असण्यास ती मुभा देते.

वस्तू आणि तक्ते

तक्ते नेमके असले तरी जगातल्या वस्तूंचे प्रकार आणि उपप्रकार त्यांत सहज दिसत नाहीत, ही टीका कॉड यांनी स्वतःच आधी ओळखली होती. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये वस्तू व त्यांचे संबंध आकृतीत मांडण्याची रीत दिली. कॉड यांनी १९७९ मध्ये आपल्या प्रतिमानाचा विस्तार सुचवला. तो प्रथम टास्मानियात सादर झाल्याने त्याच्या नावात टी हे अक्षर आले. त्यात प्रत्येक वस्तूला, तिचे नाव किंवा गुण बदलले तरी न बदलणारा ओळखक्रमांक दिला होता, तसेच उपप्रकारांनाही जागा होती.

जेम्स रम्बॉ, मायकेल ब्लाहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मधील पुस्तकातून रूढ केलेले ऑब्जेक्ट मॉडेलिंगचे तंत्र याच वाटेवरचे आहे. त्यात आधी वस्तूंचे वर्ग आणि त्यांची नाती रेखाटतात व मग त्यांचे तक्ते करतात. व्यक्ती आणि देवस्थान हे दोन्ही खातेदाराचे उपप्रकार असल्यास सामाईक गुणांचा एक आणि विशेष गुणांचे दोन तक्ते करता येतात. हिस्सा हा जमिनीचाही गुण नाही आणि खातेदाराचाही नाही, तो त्यांच्या नात्याचा आहे, हे आकृतीत लगेच लक्षात येते. १९८६ पासून मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेस प्रणालीत नवे प्रकार घडवण्याची सोय केली. तिला आणि तिच्यासारख्या प्रणालींना ऑब्जेक्ट-रिलेशनल म्हणतात. वस्तूंच्या या लाटेत कॉड यांचे तक्ते वाहून जातील, असे नव्वदच्या दशकात अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात तक्ते टिकले आणि वस्तूंनाच त्यांच्यात जागा शोधावी लागली.

उत्तरायुष्य

१९८४ मध्ये आयबीएम सोडल्यावर कॉड यांनी क्रिस डेट यांच्यासह सल्लागार संस्था चालवली. अनेक विक्रेते जुन्याच मालावर रिलेशनल अशी चिठ्ठी डकवू लागल्याने त्यांनी १९८५ मध्ये आपले प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. गणती शून्यापासून असल्याने ते खरे तर तेरा आहेत. १९९३ मध्ये व्यावसायिक विश्लेषणासाठीच्या प्रणालींवर त्यांनी लिहिलेला निबंध मात्र वादात सापडला, कारण त्यामागे त्याच क्षेत्रातील एका कंपनीचे आर्थिक साहाय्य होते. त्यांच्या कारकिर्दीतील हा डाग अभ्यासकांनी झाकलेला नाही.

१८ एप्रिल, २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. डेटाबेस संशोधनासाठी एसीएमच्या सिगमॉड गटातर्फे दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला २००४ पासून त्यांचे नाव देण्यात आले आहे.