पाहुण्या पक्ष्यांचा हिशेब ठेवणारा धर्मगुरू

इंग्लंडच्या दक्षिणेकडील हँपशायर परगण्यात सेल्बोर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. लंडनपासून सुमारे पन्नास मैलांवर, खडूच्या दगडाच्या टेकडीच्या पायथ्याशी ते वसलेले आहे. टेकडीच्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान असून गावकरी त्याला 'हँगर' म्हणतात. अठराव्या शतकात या गावाकडे जाणाऱ्या खोलगट वाटा हिवाळ्यात चिखलाने आणि बर्फाने बंद होत. गावात नाव घेण्याजोगी कोणतीही घटना घडली नव्हती. तरीही आज जगभरच्या पक्षीनिरीक्षकांना सेल्बोर्न हे नाव परिचित आहे. याचे सारे श्रेय गिल्बर्ट व्हाइट या एका धर्मगुरूला जाते. आयुष्यभर एकाच गावातील पक्षी पाहणे आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा लिहून ठेवणे, हे त्यांनी केलेले काम वरवर पाहता किरकोळ होते. त्यातूनच पुढे निसर्गनिरीक्षणाची एक स्वतंत्र परंपरा उभी राहिली.

व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेल्बोर्न येथेच झाला. त्यांचे आजोबा गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू होते आणि त्यांचेही नाव गिल्बर्टच होते. वडील वकील होते. बेझिंगस्टोक येथे शिक्षण घेतल्यानंतर व्हाइट ऑक्सफर्डच्या ओरियल कॉलेजात दाखल झाले. १७४३ मध्ये पदवी मिळाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांची कॉलेजचे फेलो म्हणून निवड झाली. त्यानंतर त्यांनी धर्मदीक्षाही घेतली. ऑक्सफर्डमध्ये राहून मोठ्या पदांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांना खुला होता. १७५७ मध्ये ओरियलच्या प्रमुखपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, मात्र निवड दुसऱ्याची झाली.

मन मात्र सेल्बोर्नमध्येच गुंतलेले होते. दूरच्या गावांतील चांगल्या उत्पन्नाच्या जागा त्यांनी नाकारल्या. दैवाचा खेळ असा, की ज्या गावासाठी त्यांनी हे सारे सोडले, त्या गावचे मुख्य धर्मगुरूपद त्यांना कधीच मिळू शकले नाही. ती नेमणूक करण्याचा अधिकार ऑक्सफर्डच्याच मॉडलिन कॉलेजकडे होता आणि व्हाइट होते ओरियलचे. त्यामुळे शेजारच्या फॅरिंग्डन गावी आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात सेल्बोर्नमध्ये त्यांनी दुय्यम धर्मगुरू म्हणूनच काम केले. ते अविवाहित राहिले. १७६३ मध्ये 'द वेक्स' हे कुटुंबाचे घर त्यांच्या मालकीचे झाले. घराच्या मागे बाग, बागेपलीकडे कुरण आणि कुरणापलीकडे हँगरची टेकडी. पुढची तीस वर्षे हाच त्यांचा मुलूख होता.

बागेच्या वहीपासून निसर्गाच्या रोजनिशीपर्यंत

नोंदी ठेवण्याची सवय त्यांना बागेने लावली. १७५१ पासून त्यांनी बागेची एक वही लिहायला घेतली. कोणते बी कधी पेरले, खरबुजाच्या वाफ्यात खत किती घातले, थंडी किती पडली, असे तपशील तीत असत. १७६८ पासून या वहीची जागा 'निसर्ग अभ्यासकाच्या रोजनिशी'ने घेतली. कायदेपंडित आणि हौशी निसर्ग अभ्यासक डेन्स बॅरिंग्टन यांनी हा छापील नमुना तयार केला होता. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस, झाडांना फुटलेली पालवी, उमललेली फुले आणि पक्ष्यांचे आगमन-निर्गमन यांसाठी तीत वेगवेगळे रकाने आखलेले होते. व्हाइट यांनी ही रोजनिशी मृत्यूच्या थोडे दिवस आधीपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे चालवली.

या रोजनिशीतील सर्वात उत्कंठेचा काळ वसंताचा असे. महाराष्ट्रात स्थलांतरित पक्षी प्रामुख्याने हिवाळ्यात येतात. इंग्लंडमध्ये हिवाळी पाहुणे असतातच, पण वसंतात दक्षिणेकडून येणारे पक्षी तेथे घरटी करतात, पिल्ले वाढवतात आणि थंडी पडण्यापूर्वी निघून जातात. या उन्हाळी पाहुण्यांपैकी वीस जातींची यादी व्हाइट यांनी १७६९ मध्ये बॅरिंग्टन यांना पाठवलेल्या पत्रात दिली आहे. सुतारपक्ष्याच्या कुळातील राइनेक मार्चच्या मध्यास येई. मार्चच्या २३ तारखेच्या सुमारास सर्वात लहान पर्णवटवट्याचा आवाज कानी पडे. भिंगरी आणि तिच्या कुळातील मार्टिन १३ एप्रिलच्या आगेमागे दिसत. कक्कू एप्रिलच्या मध्याला येई, तर पाकोळीच्या कुळातील स्विफ्ट २७ एप्रिलच्या सुमारास. सर्वात शेवटी, १२ मेच्या सुमारास, अबोल स्वभावाचा माशीमार हजेरी लावी. एका गावात राहून, दुर्बिणीविना, केवळ डोळे आणि कान यांच्या बळावर हे वेळापत्रक तयार झाले होते.

आवाजावरून उलगडलेल्या तीन जाती

व्हाइट यांच्या काळात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा मेलेल्या पक्ष्यांचा अभ्यास असे. पक्षी मारायचा, त्याची पिसे मोजायची आणि वर्णन लिहायचे. व्हाइट यांनीही नमुने मिळवले, परंतु जिवंत पक्षी काय करतो याकडे त्यांचे लक्ष अधिक होते. हिरवट-पिवळ्या रंगाचे, बोटभर आकाराचे पर्णवटवटे त्या काळी एकाच जातीचे समजले जात. सेल्बोर्नच्या झाडीत त्यांचे तीन वेगवेगळे आवाज येतात, हे व्हाइट यांच्या कानांनी हेरले. एकाचे दोन सुरांचे साधे पालुपद, दुसऱ्याची उतरत जाणारी गोड लकेर आणि तिसऱ्याची बीचच्या शेंड्यावरून येणारी थरथरती शीळ. नमुने हाती घेऊन पाहिल्यावर आकार आणि रंगांतील फरकही दिसून आला. १७६८ च्या सुमारास त्यांनी या तीन जाती स्पष्टपणे वेगळ्या केल्या. चिफचॅफ, विलो वार्ब्लर आणि वुड वार्ब्लर या नावांनी त्या आज ओळखल्या जातात. पक्षी डोळ्यांनी दिसण्याआधी कानांनी ओळखण्याची जी पद्धत आज प्रत्येक पक्षीनिरीक्षक वापरतो, तिचा हा एक ठळक आरंभ होता.

भिंगरी, दोन प्रकारच्या मार्टिन आणि स्विफ्ट या चार पक्ष्यांवर त्यांनी लिहिलेले निबंध १७७४ व १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. स्विफ्ट उडता उडताच समागम करतात, हे त्यांनी नोंदवले. गावात या पक्ष्याच्या दरवर्षी सुमारे आठ जोड्या येतात, त्यांपैकी निम्म्या चर्चमध्ये आणि उरलेल्या गरिबांच्या बुटक्या, गवती छपरांच्या घरांत राहतात, हेही त्यांनी मोजून सांगितले. पिल्ले तर दरवर्षी वाढतात, मग जोड्या आठच का, हा प्रश्न त्यांना पडला. ऑगस्टच्या आरंभी हवेत किड्यांची रेलचेल असताना हे पक्षी निघून का जातात, याचेही उत्तर त्यांना मिळाले नाही. उत्तर नसताना प्रश्न तसाच लिहून ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

न सुटलेले कोडे

त्यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न याहून मोठा होता. थंडीत भिंगऱ्या जातात कोठे? त्या बिळांत दडून बसतात, असे ॲरिस्टॉटलच्या काळापासून सांगितले जाई. त्या पाण्याखाली हिवाळा काढतात, असे थोर शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनाही वाटे. व्हाइट ज्यांना पत्रे लिहीत, त्या दोन विद्वानांतही मतभेद होते. टॉमस पेनंट स्थलांतराच्या बाजूचे होते, तर बॅरिंग्टन यांनी १७७२ मध्ये स्थलांतराच्या कल्पनेवर शंका घेणारा निबंधच प्रसिद्ध केला होता.

व्हाइट यांच्यापाशी स्थलांतराचा घरचाच पुरावा होता. त्यांचे धाकटे भाऊ जॉन जिब्राल्टर येथे लष्कराचे धर्मगुरू होते. वसंतात पक्ष्यांचे थवे सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेकडे येतात आणि शरदात परत दक्षिणेकडे जातात, हे त्यांनी स्वतः पाहून कळवले होते. व्हाइट यांनी तो पुरावा मान्य केला. तथापि, सेल्बोर्नमध्ये दिसणाऱ्या काही गोष्टी त्यांना स्वस्थ बसू देत नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये निघून गेलेल्या वाटणाऱ्या मार्टिन नोव्हेंबरच्या एखाद्या उबदार दिवशी पुन्हा हँगरच्या आडोशाला उडताना दिसत. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या भिंगऱ्या थंडीची लाट येताच दिसेनाशा होत. समुद्रापलीकडून आलेला पक्षी दोन दिवसांसाठी परत समुद्रापलीकडे जाईल काय? सगळे पक्षी जात नसावेत, काही येथेच कोठेतरी सुप्तावस्थेत राहत असावेत, ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही.

या शंकेचा निकाल लावण्यासाठी त्यांनी एप्रिल १७८१ मध्ये मजूर लावून हँगरच्या उतारावरील संशयित झुडपे आणि खबदाडी शोधून काढली. एकही पक्षी सापडला नाही. गंमत अशी, की हे काम चालू असतानाच त्या वर्षीची पहिली मार्टिन गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत गावावरून आली, एका जुन्या घरट्यात शिरली, क्षणभर थांबली आणि घरांवरून उडून गेली. त्यानंतर कित्येक दिवस एकही दिसली नाही. ती आली कोठून, हे टेकडीने सांगितले नाही. व्हाइट यांनी जे घडले ते जसेच्या तसे लिहिले. आपल्या आवडत्या तर्काला पुरावा मिळाला नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

या कोड्याचे निर्णायक उत्तर मिळायला आणखी एक शतक जावे लागले. १९११ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर येथे एका भिंगरीच्या पायात खुणेचे कडे घालण्यात आले आणि डिसेंबर १९१२ मध्ये तीच भिंगरी हजारो मैलांवरील दक्षिण आफ्रिकेत, नाताळ प्रांतात मिळाली. व्हाइट यांची शंका चुकीची ठरली. त्यांच्या तारखा मात्र अचूकच राहिल्या.

उशिरा आलेले पुस्तक

पेनंट आणि बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक करावे, ही सूचना १७७० च्या सुमारासच पुढे आली होती. व्हाइट यांचे बंधू बेंजामिन लंडनमध्ये प्रकाशक होते, त्यामुळे छपाईची अडचण नव्हती. अडचण होती ती लेखकाच्या भिडस्तपणाची आणि अजून थोडे पाहू, अजून एक वसंत जाऊ दे, या वृत्तीची. अखेर १७८८ च्या शेवटी, १७८९ हे साल छापून, सेल्बोर्नचा निसर्गेतिहास आणि प्राचीन वारसा सांगणारा ग्रंथ बाहेर आला. त्या वेळी व्हाइट अडुसष्ट वर्षांचे होते. त्यात एकशे दहा पत्रे आहेत, त्यांपैकी काही पुस्तकासाठीच लिहिलेली होती. भिंगऱ्यांबरोबरच कापणीच्या शेतातील चिमुकला उंदीर, जमीन भुसभुशीत करणारे गांडूळ, आत्याकडून वारसाने आलेले 'टिमथी' नावाचे कासव आणि १७८३ च्या उन्हाळ्यात सूर्य झाकोळून टाकणारे विचित्र धुके यांचीही वर्णने त्यात आहेत. ते धुके आइसलँडमधील लाकी ज्वालामुखीचे होते, हे आज ज्ञात आहे. टिमथी मादी असल्याचेही व्हाइट यांच्या निधनानंतरच उघड झाले.

पुस्तकामुळे उतारवयात त्यांना एक समानधर्मी स्नेही लाभला. नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम १७३६ पासून वसंताच्या खुणांची नोंद ठेवत होते. पुस्तक वाचून त्यांनी व्हाइट यांना पत्र लिहिले आणि १७९० पासून दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला. एकाने सत्तरी गाठलेली, दुसरे ऐंशी ओलांडलेले. कोणत्या गावी भिंगरी आधी आली, कक्कू कोठे पहिल्यांदा ओरडला, हे ते एकमेकांना कळवत. ही देवघेव व्हाइट यांच्या मृत्यूपर्यंत चालली. २६ जून १७९३ रोजी 'द वेक्स'मध्ये त्यांचे निधन झाले. सेल्बोर्नच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. साध्या दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख एवढेच कोरलेले आहे.

नोंदींचे मोल

व्हाइट यांच्या ग्रंथाच्या आजवर दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या. चार्ल्स डार्विन यांनी तो लहानपणीच वाचला होता. गांडुळांचे जे महत्त्व व्हाइट यांनी एका पत्रात सांगितले, त्यावर डार्विन यांनी १८८१ मध्ये संपूर्ण पुस्तक लिहिले. 'द वेक्स' हे घर १९५५ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. वसंत पूर्वीपेक्षा लवकर येतो आहे काय, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांना व्हाइट आणि मार्शम यांच्या जुन्या तारखा आज तुलनेसाठी उपयोगी पडतात. आपल्या वह्यांना असे मोल येईल, याची त्या दोघांना कल्पनाही नव्हती.

त्यांच्या यादीकडे आज पाहिले, की मन उदासही होते. मार्चमध्ये सर्वात आधी येणारा राइनेक आता ब्रिटनमध्ये वीण करत नाही. कक्कू, नाइटिंगेल आणि टर्टल डव्ह यांची संख्या खालावली आहे. ज्यांच्या आठ जोड्या व्हाइट यांनी मोजल्या होत्या ते स्विफ्ट आणि ज्यांच्यासाठी त्यांनी टेकडी धुंडाळली त्या घरमार्टिन, या दोन्ही जाती २०२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेल्या. काय हरवले हे कळण्यासाठी आधी काय होते हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक आहे, कारण एका खेड्यातील दुय्यम धर्मगुरूने प्रत्येक वसंतात पाहुण्यांची वाट पाहिली आणि कोण आले, कोण आले नाही, याचा हिशेब प्रामाणिकपणे लिहून ठेवला.